जबलपूरचा उन्हाळा आणि टोमॅटोची तोडणी

मे संपत आला की जबलपूरला बाजारात, रिक्षात, रांगेत एकच शब्द ऐकू येतो: नौतपा. साधारण २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, तेव्हापासूनचे हे नऊ दिवस. पारा चाळिशीच्या वर. परसातल्या भाज्या या दिवसांत कधी तोडायच्या, हा प्रश्न आमच्या घरी या सुट्टीत आला.

वडिलांचे पोस्टिंग जबलपूरला होते. आईने क्वार्टरच्या मागे टोमॅटो, भेंडी, गवार आणि काकडी लावली होती. टोमॅटो चांगले पोसले, पण लाल होईनात. जे पिकले ते नारिंगी-पिवळे. आई म्हणाली खत कमी पडले, शेजारच्या काकू म्हणाल्या बियाणेच हलके. खरे कारण डोक्यावर तळपत होते.

टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या द्रव्याचे नाव लायकोपीन. ते २० ते २५ अंश सेल्सिअसला उत्तम तयार होते. तापमान तिशीच्या वर गेले की त्याचे काम मंदावते आणि पुढे जवळजवळ थांबते. पिवळे कॅरोटीन मात्र तयार होत राहते. म्हणून जास्त ऊन म्हणजे जास्त लाली, हा समज चुकीचा आहे. तोडलेल्या फळाला लाल व्हायला ऊन लागतच नाही, ते अंधाऱ्या खोक्यातही पिकते. उलट कडक उन्हात उघडे पडलेल्या फळावर पांढरा चट्टा पडतो, म्हणून आम्ही फळांवरची पाने काढली नाहीत. शिवाय अशा उष्णतेत फुले गळतात. म्हणजे झाडावर आहे तेवढाच माल, नवा धरण्याची आशा नाही.

आम्हाला तर थांबायला वेळही नव्हता. वडिलांच्या बदलीचा हुकूम आला होता आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सामानाचा ट्रक ठरला होता.

फळ झाडावरून काढल्यावर पिकेल की नाही, हे ओळखता येते. देठाच्या विरुद्ध टोकाला किंचित पिवळट-गुलाबी झाक आली की ते तोडायला तयार. झाक नसेल तर त्यातले एक फळ कापून बघावे. आत बियांभोवती गर सुटलेला असेल आणि सुरीखाली बिया न कापता निसटत असतील, तर तेवढीच वाढलेली बाकीची फळेही पिकतील. बिया कापल्या गेल्या तर ती कोवळी आहेत.

आम्ही पहाटे तोडणी केली, देठ काढले आणि फळे एकाच थरात वर्तमानपत्रात ठेवली. (फौजी घरात रिकाम्या खोक्यांना तोटा नसतो.) प्रत्येक खोक्यात एक पिकलेले केळे टाकले, कारण त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानेच टोमॅटो पिकू लागतो. फ्रीजमध्ये हिरवी फळे ठेवू नयेत, त्या थंडीत पिकणे थांबते आणि चव जाते. कूलरच्या खोलीत आठवडाभरात बहुतेक लाल झाले. हिवाळ्यात झाडावर पिकलेल्या टोमॅटोची गोडी त्यांना नव्हती, पण आमटीला उत्तम. जे हिरवेच राहिले त्यांची आईने शेंगदाणे-तीळ घालून चटणी केली.

काकडी त्या खोक्यांत ठेवली नाही; इथिलीनने ती पिवळी पडते. काकडी, गवार, भेंडी ही तोडल्यावर सुधारणारी फळे नव्हेत, कोवळीच काढावी लागतात. भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तयार होते. शेंडा कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, फार खाज सुटते. भेंडी झाडावर जून होऊ दिली तर झाडाची ताकद बियांत जाते आणि नवी फुले कमी येतात. म्हणून दिवसाआड तोडणी चुकवायची नाही.

नवे कुटुंब यायला काही दिवस होते. तोवर क्वार्टरला कुलूप. आईने परसाच्या फाटकाची किल्ली काकूंकडे दिली आणि सांगितले, “दिवसाआड भेंडी तोडून न्या. एक खालची शेंग तेवढी बियाण्याला राहू द्या.”