पिंपं मोजा, मग पैसे मोजा

रत्नागिरीकडच्या आमच्या घराला हमरस्त्यापासून १२० मीटरची खासगी वाट आहे, रुंदी ३ मीटर. पावसात तांबड्या चिखलातून गाडी चढत नाही, म्हणून एका मे महिन्याच्या अखेरीस मी ती डांबरी करायचं मनावर घेतलं. नेमका तेव्हाच एक ठेकेदार दारात उभा. "काका, पलीकडच्या रस्त्याचा माल उरलाय, रोलर पण इथंच आहे. निम्म्या पैशात करून देतो." आभाळ भरत आलं होतं. मी हो म्हटलं आणि सगळे पैसे आधीच देऊन बसलो.

काम एका दिवसात उरकलं. मातीवर खडीचा पातळ थर, त्यावर झारीनं डांबर, वर बारीक खडी. काळीभोर वाट बघून मी खूश. शेजारचे अण्णा बांधकाम खात्यातले निवृत्त मुकादम. त्यांनी चपलेच्या टोकानं खडी उकरली आणि विचारलं, "पिंपं किती आणली होती?"

"एक."

अण्णा काही बोलले नाहीत.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच निम्मी खडी गडग्याच्या कडेला जाऊन साचली. वळणावर पोपडे निघाले. ठेकेदाराचा फोन लागेना. तेव्हा अण्णांनी ओटीवर बसून हिशेब मांडला. अर्धा इंची खडीला चौरस मीटरमागे साधारण १ किलो डांबर लागतं. माझी वाट ३६० चौरस मीटर, म्हणजे एका थराला ३६० किलो. एका पिंपात दीडशे किलोच्या आसपास डांबर. म्हणजे जवळजवळ अडीच पिंपं, आणि नव्या वाटेला थर दोन लागतात. माझ्या वाटेवर एकच पिंप फिरलं होतं.

पण डांबर पुरेसं असतं तरी वाट टिकली नसती. हा थर जेमतेम खडीच्या एका दाण्याइतका जाड. तो पाणी अडवतो, धूळ दाबतो. गाडीचा भार पेलायचा तो खालच्या खडीकरणानं. आणि आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

तेव्हा तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगतो. आधी गटार आणि मोरी, मग सोलिंग, खडीकरण आणि दाबाई. वाटेचा मध्य कडांपेक्षा चारेक सेंटिमीटर उंच ठेवा, पाणी आपोआप बाजूला जाईल. डांबराआधी पृष्ठभाग झाडून, कोरडा करून प्राइम कोट मारून घ्या. खडी काळ्या दगडाची, धुतलेली आणि सुकलेली हवी. धूळ असली की डांबर धुळीला चिकटतं, खडी सुटी राहते. एका थराला सव्वा ब्रास खडी माझ्या वाटेला पुरते; जास्त टाकली तर ती नुसती उडते. डांबर गरम असतानाच खडी पसरून लगेच रोलर फिरला पाहिजे. पहिला दिवस गाडी अगदी हळू, जागच्या जागी चाक वळवणं नाहीच. मग सुटी खडी झाडून काढा. चढावरच्या वळणाला सरळ काँक्रीट करा, तिथं चाकं खडी उपटतात. काम दिवाळीनंतर काढा, मेअखेरीस कदापि नको. आणि "माल उरलाय" असं कोणी म्हणालं की समजा, आपल्यालाच शेवटी कमी पडणार आहे. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता एक पावसाळा बघून.

माझी वाट पुढच्या डिसेंबरात पुन्हा झाली, पहिल्या खर्चाच्या तिपटीत. या वेळी अण्णा गडग्याजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि रिकामं झालेलं प्रत्येक पिंप आपल्या शेजारी उभं करून घेत होते. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा मी छत्री घेऊन बाहेर पडलो. डांबराकडे बघितलंच नाही. गटारातून खळाळत जाणारं पाणी बघत उभा राहिलो.