गाडीतला डिजिटल रेडिओ: महाड-पोलादपुरात किती पैसे घालावेत?

दिवाळीला जर्मनीहून आलेल्या भाच्याने बॅगेतून काडेपेटीएवढी एक डबी काढली. सोबत बारीक वायर आणि तिच्या टोकाला काचेवर चिकटवायची पट्टी. "मामा, तुमच्या गाडीला डिजिटल रेडिओ बसवू. तिकडे सगळ्यांकडे असतो." चवदार तळ्याच्या बाजूच्या रस्त्यावर गाडी उभी केली, डबी यूएसबीत खुपसली, पट्टी काचेला लावली. पडद्यावरचं चक्र पंधरा मिनिटं फिरलं आणि उत्तर आलं: स्टेशन शून्य. भाचा म्हणाला, "इथे रेंजच नाही वाटतं."

रेंजचा प्रश्न नव्हताच. ती डबी 'डॅब प्लस' पद्धतीची होती. युरोपात ती चालते. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सगळं तिच्यावर नेलं, आणि युरोपीय संघात २१ डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारीत बसवलेला रेडिओ डिजिटल प्रसारण घेणारा असणं सक्तीचं आहे. भारतात मात्र त्या पद्धतीने कुणी प्रसारणच करत नाही. ती डबी तळ्याकाठीच काय, मुंबईत मंत्रालयासमोर लावली असती तरी मुकीच राहिली असती. अशाच डब्या ऑनलाइन दुकानांत 'कार डिजिटल रेडिओ' म्हणून दोन-अडीच हजारांना दिसतात. खोक्यावर डॅब लिहिलेलं असेल तर रुपयासुद्धा घालू नका, आणि परदेशातल्या नातेवाइकांना तसं आधीच कळवा.

दुसरी फसगत याहून स्वस्त, पण जास्त सर्रास. दुकानातल्या दीड-दोन हजारांच्या स्टिरिओवर 'डिजिटल एफएम' असं ठळक छापलेलं असतं. त्यातलं डिजिटल म्हणजे फक्त काट्याऐवजी दिसणारे आकडे. आत येणारा आवाज तोच जुना एफएम, डोंगराआड गेला की खरखरणारा. स्टिरिओ वाईट असतो असं नाही, पण त्या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका.

आपल्याकडे खरा डिजिटल रेडिओ आहे तो आकाशवाणीचा, डीआरएम नावाच्या पद्धतीचा. तो एफएमवर नाही, मिडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर येतो, आणि आपल्या भागाला नेमकं तेच सोयीचं आहे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मधे सह्याद्री आला की संपलं. मुंबईहून गावी येताना वडखळ-नागोठण्याच्या पुढे एकेक खासगी वाहिनी कशी गळत जाते, ते या रस्त्याच्या प्रत्येक चाकरमान्याला पाठ आहे. मिडियम वेव्ह जमिनीला धरून वळत पुढे सरकते. पुणे महाडपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आत, मुंबई शंभराच्या पुढे. दोन्हीकडे आकाशवाणीची मिडियम वेव्हवर डिजिटल सोय झालेली आहे. पुण्याचं जुनं ठिकाण ७९२, मुंबईची १०४४ आणि ५५८ किलोहर्ट्‌झ. जुन्या प्रसारणाच्या शेजारीच डिजिटल चालतं, पण त्याला ताकद कमी दिलेली असते. त्यामुळे साध्या रेडिओवर जेवढ्या लांब पुणे ऐकू येतं, तेवढ्या लांब डिजिटल पुणे येईलच असं नाही.

त्याचा स्वभावही वेगळा. साधा रेडिओ हळूहळू खरखरत मरतो, बातमीतला निम्मा शब्द तरी कानावर पडतो. डिजिटल एक तर स्वच्छ वाजतो, नाहीतर एकदम गप्प होतो. स्टेशन लावल्यावर चार-पाच सेकंद काहीच ऐकू येत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी एवढ्यात दोनदा बटण फिरवून "मोडलाय" म्हणून जाहीर केलं होतं. रात्री तर मिडियम वेव्ह आकाशातून परतून येते, लांबची स्टेशनं एकमेकांत घुसतात, आणि डिजिटल आवाज तुटत राहतो.

आता पैशांचं. डीआरएम ऐकायला वर्गणी नाही, लायसन नाही, डेटा नाही. मारुती, ह्युंदाई, महिंद्र, टोयोटा यांच्या बऱ्याच गाड्यांत तो कारखान्यातूनच बसून आलेला आहे, आणि कित्येक मालकांना त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा पहिला खर्च शून्य: आपल्याच गाडीच्या पडद्यावर रेडिओ उघडून एफएम, एएमच्या शेजारी डीआरएम असं बटण आहे का ते बघा.

नवी गाडी घेणाऱ्याने मात्र सावध राहावं. माझा मेहुणा गेल्या वर्षी एका शोरूममधे बसला होता. नाव घेत नाही. विक्रेत्याने वरच्या मॉडेलसाठी जी यादी वाचली तीत 'डिजिटल रेडिओ' दोनदा आला. मेहुण्याचा फोन: "भावोजी, सत्तर हजार जास्त आहेत, पण डिजिटल मिळतंय." मी म्हटलं, त्याला चालू करून दाखवायला सांग. विक्रेत्याला ते बटण सापडेना. शेवटी सापडलं ते मधल्या मॉडेलमधेही होतं, कारण दोन्हीत पडदा एकच. वरच्या मॉडेलमधल्या जादा एअरबॅगा, मागचा कॅमेरा, चांगली चाकं यांसाठी पैसे द्यायचे तर जरूर द्या. रेडिओसाठी नको. माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नका, जी गाडी घेणार त्याच मॉडेलची यार्डातली गाडी उघडून बघा आणि 'डीआरएम आहे' हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. सगळ्यात खालच्या मॉडेलमधे पुष्कळदा स्टिरिओच नसतो. तिथे पुढचा हिशेब लागू.

जुनी गाडी असेल तर सरळ सांगतो: डीआरएम बसवण्याच्या नादी लागू नका. बाजारात मिळणाऱ्या अँड्रॉइड स्टिरिओत तो नसतोच म्हटलं तरी चालेल. साधा, ब्लूटूथ असलेला स्टिरिओ दीड ते अडीच हजारांत येतो, नावाजलेल्या कंपनीचा चार ते सात हजारांत, मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड सहापासून पंधरा हजारांपर्यंत. त्यावर फ्रेम आणि मूळ वायरी न कापता जोडणारा कपलर यांचे तीनशे ते दीड हजार, मजुरी तीनशे ते हजार. घेताना एएम आहे का हे मुद्दाम विचारा, नव्या स्टिरिओंतून ते गुपचूप गायब होत चाललं आहे. आणि कपलरवर अडून बसा. मूळ वायरी कापून टेप गुंडाळणारा फिटर शंभर-दोनशे रुपये वाचवतो आणि तुमची इलेक्ट्रिकल वॉरंटी घालवतो.

यात एक खर्च कुणी सांगत नाही. बाहेरून बसवलेला स्टिरिओ गाडीच्या विम्यात आपोआप येत नाही. तो वेगळा नोंदवावा लागतो आणि त्याला साधारण किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता पडतो. पंधरा हजारांच्या पडद्याला वर्षाला सहाशे, वर जीएसटी धरून सातशेच्या वर. पुराच्या गावात राहणाऱ्याने हे सातशे वाचवू नयेत. पक्कं बिल मात्र हवं, बिल नसेल तर नोंद नाही.

पण रेडिओ येत नाही तेव्हा दहापैकी सात वेळा दोष स्टिरिओचा नसतो, अँटेनाचा असतो. हे माझं निरीक्षण, मोजदाद नव्हे. माझ्या जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने ऐटबाज माशाच्या पराचा अँटेना लावला होता. रेडिओ महाडच्या बाहेर पडला की मुका. हायवेवरच्या वायरमनने नखाने कड उचलली, तर तो पर अख्खा हातात आला. खाली दुतर्फा चिकटणारी टेप, तिच्यावर साठलेली लाल माती, आणि वायरीचा पत्ता नाही. मूळ काडी काढून तिच्या बुडख्यावर नुसतं टोपण चिकटवलं होतं. "साहेब, हा दागिना आहे," तो म्हणाला. मग त्याने डॅश सोडवला. स्टिरिओमागे एक निळी वायर लोंबकळत होती, तिला टेपची टोपी घातलेली. बऱ्याच गाड्यांत अँटेनाच्या बुडात छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला वीज या निळ्या वायरीतून जाते. ती जोडली नाही तर कितीही भारी स्टिरिओ बहिराच राहतो. नवी काडी साडेतीनशे, मजुरी दोनशे. साडेपाचशे रुपयांत साधं पुणे ऐकू यायला लागलं. तुम्हीही नवा स्टिरिओ घेण्याआधी एवढं करून बघा.

परीक्षा कशी घ्यावी तेही सांगतो. सकाळी पुण्याच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी गाडी मोकळ्या जागी उभी करा. तळ्याजवळ केली तरी चालेल, २० मार्च सोडून. १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणाला त्या दिवशी गावोगावची माणसं येतात आणि गाडी लावायला जागा मिळणं कठीण. इंजिन बंद ठेवा, मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम काढून ठेवा, मग स्टेशन लावा. आलं, तर इंजिन चालू करा, चार्जर लावा, एकेक करून. कुठल्या पायरीला आवाज बिघडतो ते कळतं. शंभर रुपयांचा चार्जर आणि स्वस्तातले एलईडी दिवे मिडियम वेव्हचे मोठे वैरी आहेत. मग तीच गाडी पोलादपूरपर्यंत न्या, आंबेनळीच्या पहिल्या वळणांवर चढवा, वेळ असेल तर वरंध्याकडेही. कशेडीच्या बोगद्यात कुठलाच रेडिओ वाजत नाही, तिथे गाडीला दोष देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की. बरोबर आहे, आणि रोजच्या ऐकण्याला तोच स्वस्त. प्रसार भारतीच्या ॲपवर आकाशवाणीची मुंबई, पुणे, रत्नागिरी सगळी केंद्रं ऐकता येतात. ६४ केबीपीएसचा आवाज तासाला सुमारे २९ एमबी खातो. महाड ते मुंबई पाच तास धरले तरी दीडशे एमबी, रोजच्या दीड जीबीच्या पॅकचा दहावा हिस्सा. गाडीत ब्लूटूथ नसेल तर लायटरच्या खाचेत बसणारा एफएम ट्रान्समीटर चारशे ते आठशे रुपयांत मिळतो. घाटात नेटवर्क गेलं की ॲप थांबतं, हा त्याचा तोटा.

पुण्या-मुंबईच्या खासगी वाहिन्याही डिजिटल होणार असं ऐकून आजच काही घेऊन ठेवायचं असेल तर थांबा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०२५ मधे शिफारशी दिल्या आहेत. त्यांत सुरुवातीला १३ मोठी शहरं आहेत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर. जुनं एफएम चालूच ठेवून त्याच्या जोडीला डिजिटल, आणि देशभर एकच तंत्रज्ञान, असं त्या सांगतात. आजच्या गाड्यांतलं डीआरएम मिडियम वेव्हसाठीचं आहे, उद्या एफएमच्या पट्ट्यात जे येईल ते त्यावर चालेलच असं धरून पैसे अडकवू नका. वर्ल्डस्पेस आठवतंय का? उपग्रहावरचा रेडिओ, खास सेट, वर्षाची वर्गणी, मराठी गाण्यांची सुरभी वाहिनी. ऐकायला अप्रतिम होतं. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली आणि घरोघरी सेट शोभेला उरले.

एवढं वाचून गाडीत एएम आणि डीआरएम हवंच कशाला, असं वाटलं असेल. २२ जुलै २०२१ ची रात्र आठवा. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत, तळिये गावावर दरड, वीज गेलेली, फोन लागत नव्हते. तेव्हा उंचावर लावलेल्या गाडीतल्या रेडिओला ना टॉवर लागतो ना मीटर. फक्त इंजिन बंद ठेवून तासन्‌तास ऐकू नका, बातम्यांपुरता लावा, नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागेल. आणि पाण्यात बुडालेली गाडी रेडिओसाठीसुद्धा चालू करू नका. घरात मात्र पाचशे ते हजार रुपयांचा, सेलवर चालणारा, एएम-एफएम दोन्ही असलेला ट्रान्झिस्टर ठेवा. आमच्याकडे दोन आहेत. सेल पावसाळ्याच्या तोंडावर बदलतो आणि एरवी काढून ठेवतो, नाहीतर गळून आतली पत्री खातात.

मेहुण्याने शेवटी मधलं मॉडेल घेतलं. वाचलेल्या सत्तर हजारांतले किती खर्च झाले ते त्याच्या बायकोला विचारावं लागेल. भाच्याची डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो मे महिन्यात येऊन परत जाईल तेव्हा गुपचूप त्याच्या बॅगेत टाकणार आहे, तिकडे ती बोलेल तरी.