कळेल अशा भाषेत

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येस सोवेटो नावाची मोठी वस्ती आहे. त्या देशात १९४८ पासून सरकारने वर्णभेदाचे धोरण चालवले होते. गोऱ्यांची वस्ती निराळी, कृष्णवर्णीयांची निराळी, शाळादेखील निराळ्या. गोऱ्या मुलांवर सरकार जेवढा खर्च करी, त्याचा लहानसा अंशच कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्यास येई. त्यांचे वर्ग खच्चून भरलेले असत.

एवढ्यावरही राज्यकर्त्यांचे समाधान झाले नाही. गणित आणि सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्स भाषेतूनच शिकवावीत, असे फर्मान १९७४ मध्ये निघाले. आफ्रिकान्स ही गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा. सोवेटोतील मुले घरी झुलू, सोथो अशा भाषा बोलत. कित्येक शिक्षकांनाही आफ्रिकान्स नीट येत नसे.

तेथील एखाद्या बारा वर्षांच्या मुलाची अवस्था मनात आणून पाहा. त्याला बेरीज येते, वजाबाकी येते. पण फळ्यावरच्या उदाहरणात काय विचारले आहे, तेच कळत नाही. उत्तर चुकते आणि तो स्वतःलाच मंद समजू लागतो.

१९७६ च्या मे महिन्यात ऑर्लंडो वेस्ट येथील एका शाळेतील मुलांनी वर्गांवर बहिष्कार घातला. हळूहळू इतर शाळा त्यांना मिळाल्या. १६ जून रोजी सकाळी गणवेशातील हजारो मुले हाती फलक घेऊन, गाणी म्हणत ऑर्लंडोच्या क्रीडांगणाकडे निघाली. वाटेत पोलिसांनी त्यांना अडवले, अश्रुधूर सोडला आणि गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा बारा वर्षांचा मुलगा त्यात मारला गेला. एका मोठ्या मुलाने त्याला दोन्ही हातांवर उचलून घेतले. हेक्टरची बहीण आक्रोश करीत शेजारून धावत होती. सॅम न्झिमा या छायाचित्रकाराने टिपलेले ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले.

आंदोलन देशभर पसरले. पुढील काही महिन्यांत शेकडो लोकांनी प्राण गमावले. त्यांत तरुणांचीच संख्या अधिक होती. जुलैमध्ये सरकारला भाषेची सक्ती मागे घ्यावी लागली. मात्र सर्व वर्णांच्या लोकांनी एकत्र मतदान करण्यास १९९४ साल उजाडावे लागले. आता १६ जून हा दिवस तेथे युवा दिन म्हणून पाळला जातो.

१९९६ च्या राज्यघटनेने अकरा भाषांना राजभाषेचा मान दिला. त्यांत झुलू आहे, सोथो आहे आणि आफ्रिकान्सही आहे. जिच्या सक्तीविरुद्ध मुले उठली, त्या भाषेला नव्या राष्ट्राने हाकलून दिले नाही. इतरांच्या शेजारी, बरोबरीने बसवले.