परीक्षा जवळ आली, म्हणून पीटीचा तास बंद?



जानेवारी उजाडला की वेळापत्रकातून सगळ्यात आधी जातो तो पीटीचा तास. आपल्या विश्रामबागेत तर शाळा सुटली की मूल थेट क्लासला. "आता खेळ पुरे, अभ्यासाला बस," हे घरीही चालूच. पण मुलांच्या मनावर ताण याच दिवसांत जास्त असतो. म्हणून कोणता व्यायाम मनाला काय देतो, ते पाहू.

१) धावणे, दोरीच्या उड्या, सायकल : हृदयाचे ठोके वाढतात, मेंदूला रक्त जास्त मिळते, मरगळ जाते. अभ्यासाला बसण्याआधी १५-२० मिनिटे पुरतात.

२) सूर्यनमस्कार, जोर-बैठका : काल १०, आज १२. प्रगती मुलाला स्वतःला मोजता येते, "मला जमतंय" हा विश्वास येतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. आपल्या जिल्ह्यातील आटपाडी, कुंडल तेव्हा औंध संस्थानातच होते.

३) खो-खो, कबड्डी : एकटे पडलेले मूल संघात बोलते होते. मात्र तेच ते चौघे खेळणार आणि बाकीचे बघणार, असे नको.

४) योगासने, प्राणायाम : सावकाश श्वास सोडला की धडधड कमी होते. पेपरच्या आधी हेच उपयोगी.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल सांगते. अमेरिकेतील नेपरव्हिल येथील शाळांत तर पीटीचे गुण वेगावर न देता हृदयाच्या ठोक्यांवरून, म्हणजे मुलाने घेतलेल्या मेहनतीवर देऊ लागले. जाड किंवा हळू पळणाऱ्या मुलालाही त्यामुळे पूर्ण गुण मिळू शकतात. हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

आता एक कळीची गोष्ट. गृहपाठ नाही केला, मार उठाबशा. उशीर झाला, काढ मैदानाला फेऱ्या. अशाने व्यायाम म्हणजे शिक्षा, हेच मुलाच्या मनात बसते आणि पुढे ते मैदानाकडे फिरकत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात, की आतून प्रेरणा यायला तीन गोष्टी लागतात : स्वतःची निवड, जमल्याची भावना आणि आपुलकीची माणसे. शिक्षेच्या उठाबशांत यातलं एकही नसतं.

तेव्हा शिक्षकांनो, तास तसाच राहू द्या आणि आठवड्यातून एकदा "आज काय खेळायचं?" हे मुलांना ठरवू द्या. पालकांनो, क्लासला एक दिवस गाडीऐवजी सायकलवर पाठवा. रात्री अभ्यासाला बसताना मुलाचा चेहरा बघा, फरक तुम्हालाच कळेल.