पावसाळ्यातच तयार करा मत्स्यालयातील वनस्पतींची रोपे

मत्स्यालयातील वनस्पतींची घरगुती रोपवाटिका सुरू करायची असेल, तर कोकण, घाटमाथा आणि पश्चिम महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर यांसारखा दुसरा काळ नाही. टाकीत डौलात उभ्या दिसणाऱ्या बहुतेक वनस्पती मुळात ओढ्याकाठच्या. पावसात त्या बुडतात, पाणी ओसरले की उघड्या पडतात, आणि दोन्ही ठिकाणी जगतात. म्हणून त्यांची रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत करावीत. तिथे पानांना कार्बन डायऑक्साइड पाण्यातल्यापेक्षा कितीतरी सहज मिळतो, त्यामुळे वाढ जोमाने होते. पानांवर शेवाळही चढत नाही. व्यापारी रोपवाटिका बराच माल असाच तयार करतात. जो दमटपणा त्यांना हरितगृहात मुद्दाम राखावा लागतो, तो आपल्याला या दिवसांत फुकट मिळतो.

सुरुवात ब्राह्मीपासून करावी. ओलसर बांधावर सापडणारी ही आपली औषधी ब्राह्मी मत्स्यालयाच्या दुकानात बकोपा म्हणून विकली जाते. तिच्या जोडीला हायग्रोफिला आणि रोटाला घ्यावा. हात बसला की क्रिप्टोकोरिन, अनुबियास आणि अ‍ॅमेझॉन स्वोर्डकडे वळावे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि काबोम्बा मात्र पाण्याबाहेर ठेवू नयेत. त्या पाण्यातच वाढतात.

थर्माकोलची पेटी किंवा खोलगट ट्रे घ्यावा. दोन भाग चाळलेली पोयटा माती आणि एक भाग धुतलेली वाळू मिसळून पाच-सहा सेंटिमीटरचा थर द्यावा. कच्चे शेणखत अजिबात घालू नये, त्याने बुरशी येते आणि कोवळी मुळे करपतात. माती चिखलासारखी ओली राहील इतकेच पाणी ठेवावे. पेटी पागोळीच्या आत, पण भरपूर उजेडात असावी. थेट पावसाच्या माऱ्याने काड्या उखडतात. पहिला आठवडा वरून पारदर्शक प्लास्टिक लावावे, नंतर हळूहळू उघडावे. मराठवाडा-विदर्भात पावसाची उघडीप लांबली, तर प्लास्टिक तसेच ठेवून सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा.

छाटे कलमासाठी दहा-बारा सेंटिमीटरची निरोगी काडी पेराच्या लगेच खाली धारदार कात्रीने कापावी. मुळे पेरातून फुटतात, म्हणून खालच्या दोन पेरांवरची पाने काढून ती पेरे मातीत जातील अशी काडी लावावी. जुडी करून लावण्याचा मोह टाळावा, कारण मधल्या काड्या कुजतात. दोन काड्यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर पुरे. मूळ झाडाचा बुंधा फेकू नये, त्यालाही नवे फाटे येतात.

अनुबियास आणि जावा फर्न यांचे खोड आडवे, जाड असते. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पाने येतील असे ते कापावे आणि दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. हे खोड मातीत पुरले की सडते. नव्याने लावणाऱ्यांची झाडे बहुधा यामुळेच जातात.

रोपे टाकीत हलवताना धीर धरावा. बाहेर वाढलेली पाने पाण्यात गेली की पिवळी पडतात, क्रिप्टोकोरिनची तर वितळल्यासारखी होतात. झाड मेले असे समजून उपटू नये. मुळे शाबूत असतील तर दोन-तीन आठवड्यांत पाण्यातली नवी पाने येतात. तोवर दिवा रोज सहा ते आठ तास पुरे; त्याहून जास्त उजेडाचा फायदा झाडापेक्षा शेवाळालाच होतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते. ते निवळून, चोवीस तास उघडे ठेवून मगच टाकीत घालावे.

शेतात वापरतो ती औषधे इथे चालत नाहीत. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. कीटकनाशकाचा अंश टाकीत गेला तर मासे आणि कोळंबी मरतात. ताम्रयुक्त बुरशीनाशक कोळंबीला तितकेच घातक. टाकीत युरियाचा दाणाही पडू देऊ नये, त्यापासून तयार होणारा अमोनिया माशांना विषारी असतो. ट्रेमधल्या रोपांना फिकी पाने आली, तर विद्राव्य १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. टाकीत हलवण्यापूर्वी मुळे स्वच्छ धुवावीत.

ट्रेमध्ये मातीच्या वर पाणी साचू देऊ नका, भोवती बारीक जाळी लावा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाण्यातच वाढणाऱ्या वनस्पतींसाठी भरलेल्या टबांत गप्पी मासे सोडावेत.

मातृरोपासाठी रानात हात घालू नये. सह्याद्रीच्या सड्यांवरचा वायतुरा, कोकणातल्या ओढ्यांतली क्रिप्टोकोरिन ही मर्यादित जागी उरलेली संपत्ती आहे. ती उपटून आणणे कुणालाही शोभणारे नाही. विकत घेतलेल्या एका चांगल्या झाडापासून हंगामात पुरेशी रोपे मिळतात.

बाहेर टाकतानाही तेवढीच काळजी हवी. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या आवला पांडी इथे २०२० मध्ये काबोम्बाच्या गुलाबी फुलांनी भरलेला कालवा पाहायला लोकांची गर्दी झाली. ती वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, मत्स्यालयांत लावली जाणारी. आपल्या नद्या आधीच जलपर्णीने गुदमरल्या आहेत. छाटलेला एकही तुकडा नाल्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.