आजचं चिंतन : गीता ३.२१



श्रेष्ठ माणूस जसं आचरण करतो, तसंच बाकीचे करतात, असं आजचा श्लोक सांगतो.

२००० साली क्रिकेटमधलं मॅच-फिक्सिंग उघड झालं. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए, त्याचीही प्रतिमा तोवर स्वच्छच होती! शेवटी पैसे घेतल्याचं त्याला कबूल करावं लागलं. त्या काळातही सचिनवरचा विश्वास टिकला. तंबाखूची जाहिरात करणार नाही, हा वडिलांना दिलेला शब्दही त्याने पाळला.

प्रतिमा लोक देतात, आचरण मात्र आपलं असतं. आणि आपल्याकडेही कोणीतरी बघतंच. तारापूर एमआयडीसीतला नवा ट्रेनी सीनियरकडे बघूनच ठरवतो, रीडिंग खरं लिहायचं की जुळवून. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच. टेस्ट न चालवता ‘पास’ लिहिलं, की ज्युनियर तेच शिकतो.

आज प्रत्येक नोंद खरीच लिहूया.

राम कृष्ण हरी!