वरणाला फोडणी नाही

रविवारी संध्याकाळी न्हाऊ घालताना धाकटीच्या पोटावर दोन लाल ठिपके दिसले. डास चावला असेल म्हटलं आणि टॉवेलात गुंडाळून बाहेर काढलं. सोमवारी अंग कोमट लागत होतं. पण हरभऱ्याची सोंगणी चालू, मजूर हातापाया पडून मिळालेले, त्यात तिची तिसरीची चाचणी. तापाचं औषध चमचाभर पाजलं आणि दप्तर अडकवून दिलं पाठीला. दुपारी शाळेतून निरोप आला तोवर पाठभर पाण्याचे थेंब सांडावेत तसे फोड उठले होते.

डासावर ढकलून मोकळी झालेली आई मी एकटीच नसेन. दिवसच तसे असतात. होळीच्या आगंमागं कांजण्या फिरतात, आणि नेमकं तेव्हाच शेतात पीक आणि शाळेत परीक्षा असते.

सासूबाईंनी पाठ बघितली आणि पदर डोक्यावर घेतला. "अव, माय आली हिच्या अंगावर. आता घरात फोडणी देऊ नोको." माय म्हणजे मातामाय, देवी. झालं. कडुलिंबाचे डहाळे दाराला लागले, अंथरुणाखाली पाला गेला, आणि वरण बिनफोडणीचं.

मी चिडले, खोटं कशाला बोलू? पण दोन दिवसांनी शांतपणे विचार केला तर त्यांचं निम्मं बरोबरच होतं. लेकराला वेगळं निजवायचं, पाव्हण्यारावळ्यांना घरात घ्यायचं नाही, तिखट-तेलकट द्यायचं नाही. तोंडातही फोड येतात, तेव्हा मुगाची मऊ खिचडी आणि दहीभातच घशाखाली उतरतो. पाला अंथरल्यानं काही बिघडत नाही. दोनच गोष्टींवर मी अडून बसले. एक म्हणजे आंघोळ. कोमट पाण्यानं अंग धुवून हलक्या हातानं टिपलं की खाज कमी होते आणि फोड चिघळत नाहीत. दुसरी म्हणजे फोडांवर राख, हळद, कसलाही लेप लावायचा नाही.

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती. दोन दिवस मी कुणाला सांगितलंच नाही. गुरुजींना म्हटलं, साधा ताप आहे. का, तर लोक नावं ठेवतील आणि चाचणी बुडेल. आणि घरात तर नणंद बाळंतपणाला आलेली, सातवा महिना! हे डोक्यात आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. ज्या बाईला लहानपणी कांजण्या झालेल्या नाहीत तिला गरोदरपणात लागण झाली तर ती जड जाऊ शकते, बाळंतपणाच्या तोंडावर झाली तर बाळालाही. तिला घेऊन लगेच डॉक्टरांना गाठावं लागतं. सासूबाईंनीच जीव भांड्यात पाडला. नणंदेच्या भुवईजवळचा खोलगट डाग दाखवून म्हणाल्या, "हिले तर पाचव्या वर्षीच येऊन गेली." तरी आम्ही तिला दाखवून आणलंच.

म्हणून सांगते, लपवू नका. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत हा आजार दुसऱ्याला लागतो, आणि ज्याला लागतो त्याच्या अंगावर 10 ते 21 दिवसांनी उठतो. म्हणजे शेजारच्या बाळंतिणीला, कुणाकडच्या आजारी म्हाताऱ्याला सावध व्हायला वेळ मिळतो, पण आपण सांगितलं तरच. चाचणीचं काय, गुरुजींनी ती नंतर घेतली. एका वाक्यात मिटलं.

मंगळवारी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. मी आपली इंजेक्शनची नाहीतर सलाईनची वाट बघत होते. डॉक्टरांनी पोट, पाठ, घसा बघितला, पॅरासिटामॉल दिलं, खाजेचं औषध दिलं, कॅलामाइनची गुलाबी बाटली लिहून दिली आणि म्हणाले, घरी न्या, पाणी भरपूर पाजा. मनात म्हटलं, एवढंच? सुई टोचली नाही तर डॉक्टरनं बघितलंच नाही, असं वाटायची आपल्याला सवय झालीय ना! पण हा विषाणूचा आजार आहे, प्रतिजैविकं त्याच्यावर चालत नाहीत. फोड पिकले तरच ती लागतात. धडधाकट लेकरू आठवड्या-दीड आठवड्यात आपलं आपण सावरतं. बारा वर्षांवरची मुलं, मोठी माणसं, किंवा मुळातच प्रतिकारशक्ती कमी असलेलं लेकरू असेल तर असायक्लोविर देतात, आणि ते पुरळ उठल्यापासून पहिल्या दिवसात सुरू केलं तर जास्त चांगलं. तिथं मात्र "बघू उद्या" करू नका.

गोळ्यांचंही सांगून ठेवते. घरातल्या डब्यातली अंगदुखीची गोळी मोडून लेकराला द्यायचा मोह होतो. अॅस्पिरिन कांजण्यांत अजिबात नको, त्यानं मेंदूला आणि यकृताला इजा होणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही नको. आणि "एका सुईत उतरवून देतो" असं कुणी म्हटलं तर सुईत काय आहे ते विचारा. स्टेरॉइडनं कांजण्या उलट भडकू शकतात. दम्यासाठी किंवा मूत्रपिंडासाठी लेकराला आधीपासूनच स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या फोडालाच डॉक्टरांकडे जा, पण गोळ्या मनानं बंद करू नका.

आणि धावायचं कधी? ताप चार दिवसांच्या वर हटत नाही, फोडाभोवतीची कातडी लाल, गरम, दुखरी झाली, लेकरू गुंगीत पडून राहतं, चालताना झोकांड्या खातं, मान आखडते, सारखं ओकतं, किंवा धाप लागते, तेव्हा. मग रात्र असली तरी 108 ला फोन. आमच्याकडं मंगरूळपीरला ग्रामीण रुग्णालय आहे, वाशिमला जिल्हा रुग्णालय, तिथून पुढं पाठवलंच तर अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे निदान पैशाच्या हिशोबात रात्र काढू नका.

हे सगळं आपल्या काळजीचं झालं. तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला तिसऱ्या रात्री कळलं.

रात्री खाज वाढते. नखं कापली होती, तरी बोटं जातातच. मी कापसाच्या बोळ्यानं एकेका फोडावर कॅलामाइन टेकवत होते आणि ती मोजत होती. एकोणपन्नासावर थांबली. म्हणाली, "आई, मी दादाचा पेन लपवला होता. म्हणून माय रागावली का?"

बघा, आपण मोठी माणसं "मायचा कोप" म्हणून जातो, आणि ते लेकरू अंधारात आपल्या चुका आठवत पडलेलं असतं. मला पटकन उत्तर सुचेना. बाजूच्या खाटेवरून सासूबाईच बोलल्या, "रागावून नाही येत व बाई ते. पाव्हणी येते. चार दिस राह्यते अन् जाते." पोरीनं विचारलं, "मग पाव्हणी आली तर वरणाला फोडणी का नाही?" त्यावर आजीकडेही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला पेनचं दादाला सांगायला लावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ बाहेर खेळायला पळाला. तिनं बाटलीतलं गुलाबी औषध बाहुलीच्या अंगभर लावलं. औषध वाया गेलं म्हणून मी ओरडणार होते, कसंबसं थांबले. आरसा मात्र मी मुद्दाम काढला नाही. तिनं विचारलं तेव्हा दाखवला, आणि खपल्या ओढल्या नाहीत तर बहुतेक डाग जातात, तेही सांगितलं.

लसीचं सांगायचं राहिलंच. मिचिआकी ताकाहाशी नावाचे जपानी डॉक्टर होते. 1964 साली ते अमेरिकेत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजण्या निघाल्या, चांगल्याच जोराच्या. विषाणूंचा अभ्यास करणारा बाप, तोही आपल्यासारखाच उशाशी बसून होता. पुढं 1974 साली कांजण्यांची लस त्यांनीच तयार केली. आपल्याकडच्या मोफत सरकारी लसीकरणात ती नाही, बालरोगतज्ज्ञाकडे पैसे मोजून घ्यावी लागते. पहिला डोस पंधराव्या महिन्याच्या पुढं, नंतर दुसरा. घरात एकाला निघाल्यावरही दुसऱ्याला तीन ते पाच दिवसांत दिली तर उपयोग होऊ शकतो. दादाचं आमच्या हातून राहून गेलं. दोन आठवड्यांनी त्याचा नंबर लागला, आणि तेव्हा धाकटी बाटली घेऊन त्याच्या मागे होती.

धाकटीच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या त्या दिवशी सासूबाई तिला मातामायपाशी घेऊन गेल्या, पाणी घातलं, दहीभात ठेवला. घरी आल्यावर कुणाशी न बोलता चुलीपाशी बसल्या. कढल्यात तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण पडला. पलंगावरून आवाज आला, "आजी, जास्तीचं कर!"